चिमुकली गोळी आणि कॉफीची बरणी

३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली. माझा संधिवात म्हणजे माझ्याच शरीरातली फौज माझ्यावर उलटलीय म्हणे. घरातही तेच चालतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. डोस अगदी चिमुकला. जुनी औषधं सोडू नका. गुण आला तर दोन-तीन महिन्यांनी, नाहीतर नाहीही येणार, असं म्हणाल्या. इतरांचं ठीक आहे. माझं शरीर हुशार आहे.
संकल्प : कॉफीच्या बरणीचं झाकण स्वतः उघडणे. वर्षभर बायको उघडून देते आणि दर वेळी नुसतं 'हं' म्हणते. ते 'हं' बंद झालं पाहिजे.

४ मार्च, सकाळ
उघडलं!! एका गोळीत! बोटं ठणकताहेत, पण ती जुन्या सवयीने. हिला ओरडून सांगितलं. 'हं' म्हणाली.

९ मार्च
झाकण रोज उघडतंय. आज तर दोन बोटांनी! शर्टाची बटणं लागत नाहीत. हल्ली बटणंच फालतू येतात.
स्वप्नात साडूबुवा माझे बूट पुसत होते. असली स्वप्नं हा साइड इफेक्ट म्हणे. मी याला मुख्य गुण समजतो.

१४ मार्च
कमी डोसने एवढं, तर आणखी कमी डोसने केवढं! गोळी सुरीने अर्धी केली. उरलेली अर्धी उडून कपाटाखाली गेली. कपाटाचे सांधेही कुरकुरतातच.
घरकामही लो-डोस सुरू केलं. एक कप विसळला. बाकीची भांडी तुमची फौज घासणार का, असं हिने विचारलं.

२० मार्च
साडूबुवांचा फोन. एवढ्याशा गोळीने काय होतंय, माझ्याबरोबर पोहायला या, म्हणाले. पैज मारली. रविवारी जेवायला या, सगळ्यांदेखत झाकण उघडतो. हरलो तर उन्हाळाभर पहाटे पोहायला येईन!

२१ मार्च
सासूबाईंना फोनवर आमंत्रण. सगळं श्रेय गोळीचं, तुमच्या लेकीची काडीची मदत नाही, हेही सांगून टाकलं. ही दारातच उभी होती. 'हं'सुद्धा म्हणाली नाही. जिंकलो!

२२ मार्च, रविवार
झाकण हललं नाही. मी लाल, मग जांभळा. शेवटी सासूबाईंनी रुमाल टाकून एका झटक्यात उघडलं आणि विचारलं, इतकं घट्ट कुणी लावलं गं? ही म्हणाली, मीच. रोज रात्री सैल करून ठेवते, काल राहून गेलं.
राहून कसलं जातंय!

२३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी झापलं. कमी डोस म्हणजे त्यांनी लिहिला तेवढा. आता पहिल्यापासून, पूर्ण गोळी.
साडूबुवांनी पोहायची चड्डी पाठवली. त्यांचीच जुनी. नाडी मला बांधता येईना, हिने बांधली.
बरणीचं झाकण आज सैल होतं. थँक्यू म्हणालो.
'हं' म्हणाली.