मावशीच्या घोडीचा चीक

मंगळवार, ४ मार्च

मशीन आलं! रक्त मोजायचं, आपल्या जनावरांच्या दवाखान्याचं स्वतःचं! आता शहराच्या दुसऱ्या टोकाला नळ्या पाठवायच्या नाहीत आणि चार दिवस वाट बघायची नाही. खोक्यातून काढताना सर तीनदा ओरडले, "अगं हळू!" मी कसली हळू!

पहिलं खरं रक्त गाडीवाल्या मावशीच्या गाढवाचं. ही मावशी खेचराच्या गाडीवरून चढावरच्या वस्तीत पाण्याची पिंपं पोचवते. गाढवाला खोकला होता. कागद बाहेर आला आणि माझं धाबं दणाणलं – तांबड्या पेशी कमी, लाल बाण खाली! पळत सरांकडे गेले. "सर, गाढवाला रक्तच नाही!" सरांनी हातातला कप खाली ठेवला नाही. "कागदावरचे नॉर्मलचे आकडे कोणाचे?" म्हटलं, घोड्याचे. "आणि रक्त?"

हात्तेच्या! गाढवाच्या पेशी मुळातच घोड्यापेक्षा कमी असतात, पण एकेक पेशी मोठी. म्हणजे गाढव अगदी ठणठणीत, खोकला नुसत्या धुळीचा. मावशीने विचारलं, "काय म्हणतो कागद?" मी म्हटलं, "म्हणतो, तुमचं गाढव घोडा नाही." मावशी एवढी हसली की गाढव दचकलं. "हे मी मशीनशिवाय सांगितलं असतं की गं!"

गुरुवार, ६ मार्च

आज मावशीच्या तबेल्यात गेले. तबेला म्हणजे पत्र्याची लांबट शेड – एका कोपऱ्यात गाढव, मध्ये खेचर, शेवटी घोडी. घोडी गाभण, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला विणार. बाप तेच गाढव. मावशीला गाडीसाठी दुसरं खेचर हवंय. आत्ता गाडी ओढतंय तेही याच जोडीचं.

मी आपलं सहज विचारलं, हे दुसरंच बाळंतपण का? तर म्हणाली, "नाही गं, हे तिसरं. मधलं गेलं गेल्या वर्षी. जन्मलं तेव्हा काय सुंदर होतं! उड्या मारत होतं. दुसऱ्या दिवशी मलूल झालं, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी लाल... संपलं." आणि लगेच घोडीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

माझ्या अंगावर सरकन काटा आला. पहिलं खेचर ठणठणीत, दुसरं तिसऱ्या दिवशी कावीळ होऊन जातं – हे मी वाचलंय! नक्की वाचलंय! मी म्हटलं, घोडीचं आणि गाढवाचं, दोघांचंही रक्त द्या. नालबंद तिथेच घोडीचे खूर तासत बसला होता. म्हणतो, "दोघांचं? सोयरीक जमवताय का डॉक्टरीणबाई? जरा उशीर झाला." या माणसाला प्रत्येक गोष्टीत बोलायचंच असतं.

पुस्तक सापडलं! माझ्यासाठी सोप्या शब्दांत लिहून ठेवते. पहिल्या खेचराच्या वेळी आईच्या रक्ताला गाढवाच्या रक्ताची ओळख होते. पुढच्या वेळी ते रक्त तिला परकं वाटतं आणि त्याच्याशी लढायची शस्त्रं ती तयार ठेवते. पोटातल्या पोराला काही होत नाही. पण ही शस्त्रं चिकात उतरतात – पहिल्या दोन दिवसांच्या त्या घट्ट दुधात. पोर पोटभर पितं आणि त्याच्याच तांबड्या पेशी फुटायला लागतात.

आणि हे आधी कळू शकतं! घोडीच्या रक्तावरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, गाढवाच्या पेशींत मिसळायचं. गुठळ्या झाल्या तर धोका. उद्याच करते!

शुक्रवार, ७ मार्च

गुठळ्या! काचेवर स्पष्ट! जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या सोडत सरांकडे गेले. त्यांनी मायक्रोस्कोपमध्ये डोकावून पाहिलं. "सलाईन घातलंस?"

नव्हतं घातलं.

"घोड्याच्या सीरममध्ये पेशी चळतीसारख्या एकावर एक बसतात. बघणाऱ्याला वाटतं गुठळ्या झाल्या. सलाईन घातलं की चळती मोडतात, गुठळ्या मोडत नाहीत. उद्या पुन्हा कर. नीट कर." सर रागावत नाहीत, हाच त्यांचा त्रास आहे. मंगळवारनंतर हा दुसरा गाढवपणा.

शनिवार, ८ मार्च

आज दाताखाली जीभ धरून केलं. घोडीचं सीरम तिच्याच पेशींबरोबर – साफ. रायडिंग क्लबच्या घोड्याच्या पेशींबरोबर – साफ. गाढवाच्या पेशींबरोबर – गुठळ्या! सलाईन घातलं. तशाच! आणखी घातलं. हलवलं. तशाच! सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अगं, हे खरं दिसतंय." मला सरांना मिठीच मारावीशी वाटली.

स्कूटरवरून थेट मावशीकडे. हेल्मेटही काढलं नाही. दारातूनच ओरडले, "मावशी, सापडलं! तुमच्या शिंगराला रोग नव्हताच! आईच्या चिकानंच मारलं त्याला!"

मावशी खराट्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मी पाजलं गं त्याला. दुसऱ्या दिवशी त्याला उभं राहवत नव्हतं. कवेत उचलून धरून, सड तोंडात देऊन पाजलं. मला वाटलं, पोटात चीक गेला तर जगेल."

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत असणार. मावशी म्हणाली, "हो." आणि शेड झाडायला लागली.

रविवार, ९ मार्च

स्वतःच्याच तोंडाला मुसकी बांधावी असं वाटतंय. आईला सांगितलं तर म्हणाली, "लहानपणापासून तुझं हे असंच. आधी तोंड, मग डोकं." धीर देण्यात आमच्या मातोश्रींचा हात कोणी धरणार नाही.

मंगळवार, ११ मार्च

मावशी आली! स्वतःहून, दवाखान्यात, सकाळी पहिली. पिशवीतून मुसकी काढून टेबलावर ठेवली. इवलीशी, मऊ सुती कापडाची, पट्टा जुन्या लगामाचा, आतून दुहेरी शिवण. "शिंगराच्या तोंडाला टोचायला नको. कधी बांधायची, किती वेळ ठेवायची, सांग. मी डोळ्यात तेल घालून बसेन."

सरांनी बेत समजावला. शिंगरू जमिनीवर आलं की आधी मुसकी. दोन दिवस आईचं दूध पिळून टाकायचं. तोवर दुसऱ्या घोडीचा चीक बाटलीने पाजायचा, कारण चिकाशिवाय तर कोणतंच शिंगरू तगत नाही. दोन दिवसांनी आतड्याचं दार बंद होतं, चिकातली शस्त्रं रक्तात शिरू शकत नाहीत. मग आईकडे सोडायचं. मावशीने सगळं पाठ म्हणून दाखवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू एवढं तोंड पाडून बसू नकोस. तू ओरडलीस म्हणून कळलं." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानेच!

सोमवार, १७ मार्च

चीक मिळाला! क्लबची पांढरी घोडी काल व्यायली. तिच्या पोराला पोटभर पाजून उरलेल्यातून तिथले घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने दोन बाटल्या पिळून दिल्या. दवाखान्याच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा मोडलाय, म्हणून बाटल्या आमच्या घरी आणल्या. आई: "घोडीचं दूध? माझ्या मटारशेजारी?" मी बाटल्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं – हात लावू नये.

रविवार, २३ मार्च

दादाने हात लावला!! सकाळी स्वयंपाकघरात गेले तर एक बाटली ओट्यावर, पातेलं गॅसवर आणि आमचे बंधुराज चहाची पूड शोधतायत. मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. "अगं मला वाटलं डाएटचं काहीतरी असेल," म्हणे. झाकण उघडलं नव्हतं आणि बर्फ अजून दगड होता. जीव भांड्यात पडला. बाटली परत आत. आईने फ्रीजला कुलूपच लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

मंगळवार, २५ मार्च

नालबंदाशी भांडण झालं. मी मावशीला बाटली कशी धरायची ते दाखवत होते, तर हा मध्येच, "पोराला आईपासून तोडू नका हो. पाजू द्या की. काही होणार नाही, माझं ऐका."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत काही होणार नाही? मी डोळ्यांनी गुठळ्या पाहिल्यात! गेल्या वर्षी एक गेलंय! तुमच्या भरवशावर दुसरं मारू का?

त्याने मान खाजवली. मावशीकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता, पण हत्यारं गोळा करून निघून गेला. मावशी म्हणाली, "मनाने वाईट नाही गं तो." असेल. पण अडाणी हट्टाचा मला फार राग येतो.

शुक्रवार, २८ मार्च

घोडीची कास भरली! सडांवर मेणासारखे थेंब! म्हणजे एक-दोन दिवसांत विणार, पण हे फार लवकर आहे. मावशीने गाढवाशी लावल्याची तारीख धरली तर अजून दहा-बारा दिवस हवेत. वेळेआधीचं शिंगरू म्हणजे अशक्त, त्यात आईचं दूध नाही... सर म्हणाले, "घोडी कॅलेंडर बघत नाही." पण त्यांनीही मायक्रोस्कोप दवाखान्याच्या गाडीत ठेवायला सांगितला. मला आनंद झालाय की भीती वाटतेय तेच कळत नाही.

शनिवार, २९ मार्च – दुपार

मावशीचा फोन! पाय दिसायला लागलेत! घोड्या रात्री वितात असं पुस्तक म्हणतं, आमची भर दुपारी! आई, किल्ली!!

शनिवार, २९ मार्च – संध्याकाळ

दवाखान्याच्या गाडीने मी पोचेपर्यंत मावशीने ओल्या शिंगराला मुसकी बांधली होती. चांगलं भरलेलं, धट्टंकट्टं पोर, कसलं वेळेआधीचं! मी कोमट पाण्यात वितळवलेली बाटली पुढे केली आणि हात तिथेच थांबला. कान इवलेसे. खेचराचे कान असे नसतात. कधीच नसतात.

नालबंद दारात, जमिनीकडे बघत. "गेल्या वर्षी, गाढवाशी लावायच्या आधीच, घोडीचा खूर पिकला, आठवडाभर माझ्याकडे ठेवली होतीत ना मावशी. माझ्या तांबड्या घोड्याने दोर तोडला. तुम्हाला खेचर हवं होतं. सांगायची छातीच झाली नाही."

मावशीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

घोड्याचं पोर, म्हणजे आईच्या शस्त्रांना ते परकं नसेलही! पण या वेळी मी ओरडले नाही. शिंगराचं थेंबभर रक्त घेतलं, घोडीचा चीक सलाईनमध्ये पातळ केला, दोन्ही काचेवर मिसळलं. साफ. दुसरी काच. साफ. तिसरी. साफ.

मावशीची बोटं मुसकीच्या गाठीवर होती. "काढू?"

मी मान डोलावली.