एक 'व' जास्त

४ ऑगस्ट

चि. ठकीस दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण गंभीर आहे. तुझ्या मागच्या पत्रात 'सा. न. वि. वि.' मधला शेवटचा 'वि.' गहाळ आहे. म्हणजे नमस्कार पोचला, विनंतीही पोचली, 'विशेष' मात्र काही नाही. थोरल्या भावाने, त्यातून संस्कृतच्या मास्तराने, हे कसे सोसावे? एका अक्षराने आभाळ कोसळत नाही असे तू म्हणशील. पण बाई, व्याकरणवाल्यांचे आभाळ फार ठेंगणे असते.

आता तुझे काम. बांधकामावर दूरदूरच्या गावांहून आलेल्या मजुरांच्या बोटाला टोचून तू रक्त तपासतेस. काहींच्या रक्तात हिवताप निघतो, पण अंगात ना ताप, ना थंडी. डास मात्र तो त्यांच्याकडून उचलून दुसऱ्याला देतो. अशा माणसासाठी फळ्यावर लिहायला तुला एकच शब्द हवा, कारण तुमच्या मुकादमाला अख्खे वाक्य वाचायचा कंटाळा. घे : 'अलक्षण'. ज्याला लक्षण नाही तो. शब्द सोवळा आहे, निर्धास्त वापर.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, वाढवायला जागा उरलेली नाही.

— दादा

१९ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि. वि. (मागची भरपाई केली.)

यापुढचं हसून लिहिता येत नाही. एका रंगाऱ्याच्या रक्तात तसाच हिवताप निघाला. फळ्यावर मी 'अलक्षण' लिहिलं, खाली त्याची खोली. मुकादमाने मोठ्याने वाचलं, 'अवलक्षण'. एक 'व' त्याने पदरचा घातला. त्याच आठवड्यात परांचीवरून पडून एक सेंट्रिंगवाला गेला होता. खापर फोडायला सगळ्यांना डोकं हवंच होतं. रंगाऱ्याला कुणी नळावर उभं करेना. त्याची वळकटी पत्र्याच्या खोलीबाहेर आली. घसा फोडून सांगितलं मी, की याने कुणाचं काही केलेलं नाही, रक्तात जंतू आहेत, गोळ्यांनी जातील. त्यावर मुकादम म्हणाला, की ताई, ताप नाही असं तुम्हीच म्हणता, मग आजार कसला? हेच ते अवलक्षण.

दुसऱ्या दिवशी रंगारी नव्हता. गोळ्या तशाच राहिल्या. बायको पोटुशी आहे, तिच्याकडेच गेला असणार. आणि पोटुशीला हिवताप म्हणजे दोन जिवांशी गाठ. त्याचं गाव तुझ्यापासून एका बसवर आहे. गोळ्या सोबत पाठवते. काहीही कर, पण त्याला गाठ. फळा मी पुसून टाकलाय.

माया तेवढी कमी करू नकोस.

तुझी ठकी

२७ सप्टेंबर

ठके,

गावी तो नव्हताच. दारोदार विचारत अखेर परवा सासुरवाडीला सापडला. धडधाकट. गोठ्यात निजत होता, आपले अवलक्षण पोटातल्या पोराला लागू नये म्हणून. संध्याकाळी तेवढा उंबऱ्याशी येऊन बसायचा. ती आत, तो बाहेर. डासाला उंबरा कळत नाही.

'अ' म्हणजे नुसते 'नाही', हे मी त्याला समजावू लागलो. जन्मभर वर्गात समजावत आलो आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की गुरुजी, कालपासून तिला थंडी भरून येते आहे, त्याला काय शब्द आहे?

तिला इथल्या दवाखान्यात आणले. रक्तात निघालेच. आज सकाळपासून ती कुणाला ओळखत नाही. त्याने गोळ्या हातात घेतल्या, आणि आपण घेतल्या तर तिला उरतील का, असे डॉक्टरांना विचारले. खाटेजवळ तो अजून जात नाही. दारातूनच बघतो.

नमस्कार, आशीर्वाद, लोभ, आज काहीच सुचत नाही. मला भीती वाटते आहे. ती वाचेल का गं?

दादा