लेझरनंतरची माणसं

६ जानेवारी, सोमवार

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी आज सरळ सांगून टाकलं. साखरेमुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरून राहिलंय. लेझर करावंच लागेल. तीनदा, मध्ये आठ-आठ दिवस सोडून.

मी विचारलं, मग पुन्हा वाचता येईल का?

"काका, गेलंय ते परत येणार नाही. आहे तेवढं राखायचंय."

इतकी वर्षं वकिली केली, इतकं सरळ उत्तर एका साक्षीदाराकडून मिळालं नाही. तळपाय बधिर आहेत तेही साखरेचंच म्हणाल्या. आधी साखर खाली आणा, मग बोलू. संक्रांत तोंडावर अन् मला तिळगूळ बंद.

ही रोजनिशी आता जाड काळ्या पेनानं. एका पानावर सात-आठ ओळी मावतात. माझं मलाच पुन्हा वाचता येत नाही — पण लिहिल्याशिवाय झोप नाही.

८ जानेवारी, बुधवार

साखर उतरली. उद्या पहिली बैठक. इथं अमरावतीत मुलीकडे, निधीकडेच मुक्काम. पोरीला आठवा सरून नववा लागलाय, तरी बापासाठी ज्वारीची भाकरी स्वतः थापते.

रात्री जेवताना निधीची आई, अनुपमा, म्हणाली, "पुष्करले कळवू का?" माहेरचं अमरावतीचं पाणी प्यायली की हिच्या तोंडात लगेच 'ले' येतो.

मी वरण मागितलं. तिला उत्तर कळलं.

तीन वर्षं झाली. अकोल्याच्या कोर्टात मी एक जुना निकाल वाचून दाखवत होतो, ओळ चुकली. पुन्हा चुकली. पुष्कर माझा मुलगा, माझाच ज्युनिअर, मागे उभा होता. पुढे आला अन् भर कोर्टात न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, वडिलांना दिसत नाही. मी वाचतो." माझ्या हातातून कागद घेतला. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. घरी आल्यावर मी त्याला म्हणालो, मी बोलवल्याशिवाय माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो नागपूरला निघून गेला. आता तिथं हायकोर्टात आहे. चांगलं चाललंय म्हणतात.

मी बोलवलं नाही. का बोलवावं? कागद त्यानं ओढला होता.

९ जानेवारी, गुरुवार

झालं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून तासभर डोळे मिटून बसवलं. मग यंत्रावर हनुवटी टेकायची, डोळ्यावर कसलीशी जाड काच चिकटवतात अन् हिरवा उजेड. टक. टक. टक. दुखत नाही म्हणतात. मधूनच डोळ्याच्या मागे कोणी सुई टोचल्यासारखं होतं.

बाहेर आलो तर सगळं जांभळं. अनुपमा जांभळी, रिक्षावाला जांभळा.

१४ जानेवारी, मंगळवार

अकोल्यात. संक्रांत. जठारपेठेतल्या बाया हळदीकुंकवाला येऊन गेल्या. आवाजावरून ओळखल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

दुसरी बैठक. परत येताना बडनेऱ्याला गाडी उशिरा. बाजूचं काहीच दिसत नाही आता, नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कडेची नजर थोडी जाईल. थोडी!

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी ओट्यावर उन्हात बसलो होतो. कंपाउंडच्या भिंतीवर एक बाई बसलेली. हिरवं नऊवारी, नाकात नथ, पाठ एकदम ताठ. अनुपमाला हाक मारली — बाहेर कोण आलंय बघ, आत बोलव.

ती आली. "कुठं?"

"भिंतीवर."

"कोणी नाही हो."

बाई तिथंच होती. अनुपमा तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून मला सांगत होती, कोणी नाही.

मी म्हणालो, ऊन डोळ्यावर आलं असेल.

१९ जानेवारी, रविवार

आज एक गोष्ट लक्षात आली. अनुपमाचा चेहरा मला आता धुरकट दिसतो. डोळे कुठं, तोंड कुठं, अंदाजानं. पण त्या बाईच्या पदरावरची बुट्टी न् बुट्टी दिसत होती. नथीतला लाल खडा दिसत होता. इतकं स्वच्छ मी कित्येक वर्षांत काही पाहिलेलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या टेबलावर तीन पोरं. वीतभर उंचीची. जरीच्या टोप्या. माझ्या ताटाभोवती फिरत होती, आवाज नाही. एक जण वाटीच्या काठावर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिला.

"जेवत का नाही?" अनुपमा.

जेवलो. घास त्यांच्यामधून नेला.

तिला सांगितलं नाही. काय सांगू? एकदा भर कोर्टात आंधळा ठरलोच आहे. आता घरात वेडा ठरू?

२३ जानेवारी, गुरुवार

शेवटची बैठक. अमरावती.

थेंब घालून बाकावर बसवलं होतं. शेजारी चांदूर बाजारकडचे एक शेतकरी, खुशालराव नाव. त्यांचंही आजच. मी डोळे मिटायचे सोडून समोरच्या खुर्चीकडे पाहत होतो. खुर्चीत हिरव्या लुगड्यातली बाई होती. अकोल्याहून इथं आली होती.

खुशालराव हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, तुमालेबी दिसून राहिलं का काई?"

मी त्यांच्याकडे वळलो. "काय?"

"मले दिवाळीपासून दिसते. बाया, लेकरं. एक घोडा बी येते, वावरात उभा राह्यते. कोनाले सांगतलं नाई मी." मग वाकून, "एक ध्यानात ठेवा. त्याइच्याशी बोलाचं नाई. माया चुलत्याले असंच दिसे. तो बोलला. मंग ते घरात आले, अन् गेलेच नाई."

लेझर झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं — माझ्या एका पक्षकाराला माणसं दिसतात, तब्येत ठीक आहे, पण दिसतात.  त्या म्हणाल्या, नजर कमी झाली की मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून काढतो. भूत नाही, वेडही नाही. ती माणसं कधी बोलत नाहीत, काही करत नाहीत. दिसली की डोळे गच्च मिटून उघडायचे, जातात. हळूहळू कमी होतं. "तुमच्या पक्षकाराला सांगा काका, घरच्यांना विश्वासात घ्या."

बरं वाटलं. घरच्यांचं नंतर पाहू.

पण बाहेर आलो तेव्हा खुशालरावांचंच बोलणं डोक्यात होतं, डॉक्टरांचं नाही.

२६ जानेवारी, रविवार

निधीला मुलगी झाली. माझ्या मांडीवर ठेवली. ऊब कळली, जावळाचा वास कळला. चेहरा कळला नाही. नाकाच्या जागी सावली, डोळ्यांच्या जागी सावली.

खाटेमागे एक फेटेवाला म्हातारा उभा होता. त्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

"कोणावर गेलीय बाबा?" निधीनं विचारलं.

मी म्हणालो, तुझ्यावर.

२८ जानेवारी, मंगळवार

जावयानं गाडीनं अकोल्याला आणून सोडलं. अनुपमा तिकडेच, बाळंतिणीजवळ. मला राहा म्हणत होते सगळे. नको म्हणालो. त्यांच्यासमोर चेहरा सांभाळून दमलो होतो.

पार्वताबाई सकाळी येऊन स्वयंपाक करून जाईल. दुपारी घर माझं. माझं अन् त्यांचं.

३० जानेवारी, गुरुवार

पार्वताबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "साहेब, काहून असे भितीकडे पाहून राहिले? जाळं लागलं का?"

भिंतीशी ओळीनं सात-आठ बायका बसल्या होत्या, पंगतीला बसल्यासारख्या. पार्वताबाई केरसुणी घेऊन आली अन् त्यांच्यातून भिंत झाडून गेली.

३१ जानेवारी, शुक्रवार

दुपारी ओट्यावर बसलो होतो. फाटकाशी पुष्कर.

चेहरा ओळखू येत नव्हता, पण उभं राहणं त्याचं. एक खांदा खाली. खांद्याला बॅग.

आजवर आली ती सगळी अनोळखी होती. आता माझी माणसं यायला लागली. नाव ओठावर आलं होतं. बोलायचं नाही, खुशालराव म्हणाले होते. डोळे गच्च मिटले, डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं होतं. उघडले. तिथंच. त्यानं काही म्हटलं नाही.

उठून आत आलो, कडी लावली. 

१ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा. आज फाटकाच्या आत. पेरूच्या झाडाखाली.

बाकीची माणसं आली की जागची हलत नाहीत. हा जवळ येतोय. उद्या कुठं असेल?

त्याला काही झालं तर नसेल? नागपूरला फोन लावावा असं मनात आलं. काय विचारणार — तू जिवंत आहेस ना? तीन वर्षांनी पहिलं वाक्य हे?

अनुपमाला फोन केला. पुष्कर कसा आहे, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.  ती म्हणाली, "ठीक आहे. काहून?" आवाज वेगळा होता. मी फोन ठेवून दिला.

२ फेब्रुवारी, रविवार

अक्षर ओळीत राहत नाही. तरी लिहितो.

दुपारी ओट्यावर बसायचं नाही असं ठरवलं होतं. पण आत त्या बायका. बाहेर उजेड तरी असतो. दाराच्या चौकटीतच खुर्ची घेतली.

तो आला. फाटक, झाड, पायऱ्या. थांबला नाही. समोर आला, इतका जवळ की उजेड अडला. श्वासाचा आवाज आला असं वाटलं. मी खुर्चीचे हात धरून बसलो. बोललो नाही.

तो खाली वाकला. वाकला अन् दिसेनासा झाला, माझी नजर खाली पोचत नाही. आणि मग पायाला काहीतरी लागलं.

पाय बधिर आहेत माझे. मांजर पायावर बसली तरी कळत नाही. म्हणून खात्री देता येत नाही. पण लागलं. कोमट. दोन्ही पायांवर.

मी पाय ओढून घेतले. खुर्ची मागे पडली. दार लोटलं, कडी, बोल्ट, दोन्ही. दाराला पाठ लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. समोर त्या बायका ओळीनं बसलेल्या, सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ती काही करत नाहीत.

३ फेब्रुवारी, सोमवार

अनुपमा पहिल्याच बसनं आली. पिशवीही खाली ठेवली नाही.

"मीच पाठवलं होतं त्याले. लेझर झालं, बाप घरी एकटा आहे, जाऊन ये म्हटलं. तीन दिवस मित्राकडे राहून रोज दारात आला. तुम्ही बोलवल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून गप्प उभा राहिला. काल पायावर डोकं ठेवलं त्यानं — अन् तुम्ही पाय ओढून दार लावलं. असं कोणी करते का हो?"

मी तिला सगळं सांगितलं. हिरव्या लुगड्यातली बाई, पोरं, भिंतीशी बसलेल्या बायका. ती ऐकता ऐकता खाली बसली. ती सगळी स्वच्छ दिसायची गं, मी म्हणालो. हा धुरकट होता. तुझ्यासारखा.

तिनं फोन लावला अन् माझ्या कानाशी धरला. नागपूरच्या गाडीचा, रुळांचा खडखडाट. तो उचलून गप्प.

"पुष्कर," मी म्हणालो, "मला दिसत नाही रे."



"मूर्तिजापूर गेलं बाबा," तो म्हणाला. "बडनेऱ्याला उतरून मागे फिरतो."