पाचची बस आणि गोटीचा सोडा

रामवाडी, पेण
३ फेब्रुवारी २०२५

चि. दिशा हिस अ. उ. आ.

टुक्, आणि मग फिस्स्. दुपारी लवंडलो होतो, तर पन्नास वर्षांपूर्वीचा हा आवाज कानात आला. माझ्या सोड्याच्या दुकानातल्या बाटलीची गोटी आत पडली आणि सोडा सुटला! डोळे उघडले तर उशाशी तुझं पत्र. आई तुझा मोबाइल तपासते, म्हणून का होईना पत्र लिहायला तुला आबा आठवला, हेही नसे थोडके.

तर तू लिहितेस, चरबीच्या दुपदरी पापुद्र्याचे फुगे, केसाहून बारीक, त्यांच्या पोटात औषध. नाव लायपोसोम. दाबलेला कार्बन डायऑक्साइड पापुद्र्यात मुरतो, पापुद्रा मऊ होतो आणि औषध आत शिरतं. इथवर सगळं गोड. मग तू भांडं उघडतेस आणि औषध बाहेरच्या पाण्यात! आठव्यांदा! पंधरा तारखेच्या शनिवारीही गळालं तर तुझ्या वरिष्ठ सुरभी मॅडम तुला कंपनीच्या लॅबमधून पॅकिंगला धाडणार. वा! सोळा वर्षं शिकलीस, आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावशील.

गो पोरी, हाच वायू मी वीस वर्षं बाटलीत कोंडला. एकच सांग, भांड्याची झडप उघडतेस किती वाजता?

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
तुझा आबा, काळुराम

---

रोहा
६ फेब्रुवारी

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

आपल्या दुकानात आमच्यासारखा हवेच्या शंभरपट दाब असता तर आपण छपरासकट पलीकडच्या गडब गावाला पोचला असता. शिवाय आमचे फुगे लिंबू-मीठ घालून पीत नाहीत.

झडप पाचला दहा कमी असताना उघडते. एकदम, पूर्ण. कंपनीची बस पाचला सुटते. आता हसा.

दात सांभाळून हसावे, ही विनंती.
आपली दिशा

---

रामवाडी
१० फेब्रुवारी

चि. दिशा हिस अ. उ. आ.

हसलो. शेजारचे विचारायला आले, बरं हाय ना?

माझ्या दुकानातही बस पकडणारी गिऱ्हाइकं यायची. गोटी धाडकन दाबायची नि सदरा भिजवून जायची. मी अंगठा नुसता टेकवायचो, आधी वायूची कुजबुज होऊ द्यायचो, मगच गोटी पाडायचो. पापुद्र्यात मुरलेला वायूही दार एकदम उघडलं की पापुद्रा फाडूनच पळणार. तुझ्या पुस्तकात नसेल, म्हणून मीच पद्य रचलं:

घाई करी त्या अंगी फेस,
धीर धरी त्या ओठी सोडा.

शाळेत गुरुजींनी अशा ओळींना छडी दिली असती. तू पाठ कर. शनिवारी बस सोड.

जीव लावतेस तशीच लावत राहा.
आबा

---

रोहा
१६ फेब्रुवारी

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

काल झडप दीड तास घेऊन सोडली, केसाकेसाने. बस गेली. औषध फुग्यांतच राहिलं, आबा! आनंदाच्या भरात एक घोळ केला. रजिस्टरात 'पद्धतीचा आधार' या रकान्यात लिहिलं: काळुराम म्हात्रे, गोटी सोडा, पेण. मॅडम म्हणाल्या, इथे शोधनिबंध लिहितात, सोडावाले नाहीत. आधी मॅडम घाईने आणि सावकाश, दोन्ही रीतींनी स्वतः करून बघणार, मग माझं ठरवणार. बहुतेक पॅकिंगच.

चिकटपट्टी हवी असल्यास कळवावे.
आपली दिशा

---

रामवाडी
२० फेब्रुवारी, दुपार

चि. दिशा हिस अ. उ. आ.

पन्नास वर्षांनी माझं नाव कुठेतरी नोंदलं जाणार होतं, तेही तुझ्या शिक्षेच्या कारणात. धन्य झालो. तरी मॅडमना सांग, म्हाताऱ्याला शिंतोडे उडालेल्या सदऱ्यांचा अनुभव

थांब, कडी वाजली.

दारात एक बाई आहेत, काखेत जाड रजिस्टर. मला वाटलं जनगणना. चपला काढता काढता त्यांनी सांगितलं की त्या सुरभी, घाईने केलेलं सगळं गळलं, सावकाश केलेलं एक थेंबही नाही, आणि दिशा लॅबमध्येच राहील. मी म्हटलं, दुकान कधीच बंद झालं. तर म्हणाल्या, सोडा नको, गोटी कशी दाबता तेवढं दाखवा, आणि रजिस्टरातल्या तुमच्या नावापुढे सही करा.

माळ्यावर एक बाटली आहे, ती काढतो. पत्र हळूहळू संपवणार होतो, पण बाई दारातच घड्याळ बघतायत. त्यांची गाडी पाचला निघते.

आबा