सीलबंद एकशे सतरा

प्रिय धाकटे मेहुणे यांस,

तुझ्या भावजींचे अनेक आशीर्वाद. (चिरंजीव लिहिणार होतो, पण मागच्या खेपेला तूच दाढीतले पांढरे केस दाखवलेस, म्हणून हात आवरला.) तुझी कंबर कशी आहे? टेम्पोची सीट बदलून घेतलीस की अजून त्या उशीवरच भागवतोस? मुलांना आणि त्यांच्या आईला आमची आठवण सांग. इकडे सगळं ठीक. तुझी ताई मजेत आहे, निदान आज सकाळपर्यंत तरी होती. पत्र बघून दचकू नकोस, काहीएक काम नाही. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं पलीकडच्याच्या आधी स्वयंपाकघरात ऐकू जातं. म्हणून आपल्या सहज चार ओळी.

आमच्या रविवारच्या कंपूबद्दल तुला कधी नीट सांगितलं नाही. आम्ही चौघं. एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक फिजिओथेरपिस्ट बाई आणि मी. मोटारसायकली सगळ्यांच्या लांबच्या प्रवासाच्या, तीन बाजूंना पेट्या लावलेल्या, उभ्या केल्या तरी रुबाबदार दिसणाऱ्या. सकाळी सातला पेट्रोल पंपाशेजारी चहाला जमायचं आणि मग निघायचं, असा शिरस्ता. चहाला विषय एकच, कुणी आपली गाडी जास्तीत जास्त किती पळवली. वकील एकशे ऐंशी म्हणतात. मुख्याध्यापक एकशे पासष्ट, तेही समोरून वारा असताना. बाई आकडा सांगत नाहीत, नुसत्या हसतात, त्यामुळे दोघंही त्यांना वचकून असतात. मी पहिल्याच दिवशी, लहानसा आकडा सांगावा म्हणून, एकशे चाळीस सांगून बसलो. खरं तुला म्हणून सांगतो, माझी गाडी माझ्या हातून कधी सत्तरच्या पुढे गेलेली नाही. पंचाहत्तरला हेल्मेटमध्ये शिट्टी वाजायला लागते आणि मला वाटतं, मागून कुणीतरी हाक मारतंय.

आमचा नियम असा की ज्याचा आकडा सगळ्यात मोठा त्यानं पुढे चालायचं आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. ज्याचा सगळ्यात लहान त्यानं शेवटी, पान्यांची पिशवी आणि मलमपट्टीची पेटी घेऊन. चार वर्षं शेवटची जागा माझी, आणि अरे, तिच्यासारखं सुख नाही! आठवडाभर मी दुकानात बसून लोकांच्या कवळ्या बनवतो. प्लॅस्टर, मेण, अठ्ठावीस दातांची रांग, आणि केसाएवढा फरक पडला की गिऱ्हाईक कवळी रुमालात बांधून परत दारात हजर. सगळे सतत माझ्या पाठीमागे लागलेले. रविवारी तेवढं माझ्या मागे कुणी नसतं. वाटेत तळं दिसलं की थांबतो, चहा पितो, झाडाखाली पाय पसरतो, आणि पोचल्यावर सांगतो की एक स्क्रू पडला होता तो शोधत होतो. (चार वर्षांत माझ्या गाडीचे इतके स्क्रू पडलेत की आता तिच्यात एकही उरायला नको होता.) ही जागा माझ्याकडून जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

तर झालं असं, की एका रविवारी एकशे ऐंशी आणि एकशे पासष्ट यांची जुंपली. तेव्हा बाई म्हणाल्या की फोनच सगळ्यात जास्त वेग टिपून ठेवतो, एकदाचा निकाल लावून टाका. मुख्याध्यापकांनी सूत्रं हाती घेतली. चौतीस वर्षं परीक्षा घेतलेला माणूस. प्रत्येकानं आपल्या सवडीनं एकट्यानं फेरी मारायची, निघण्यापूर्वी फोन चालू करून हँडलला बांधायचा, त्यावर ते स्वतः चिकटपट्टी गुंडाळून आडवी सही ठोकणार, आणि सील उघडायचं ते सगळ्यांसमोर. मला काळजी नव्हती. मी अडुसष्टनं जाऊन यायचं ठरवलं होतं, म्हणजे शेवटची जागा लेखी झाली असती.

पुढचं तुला माहीतच आहे. बुधवारी चाळीसाव्या किलोमीटरला साखळी तुटली, माझा फोन सीलबंद म्हणून मी टपरीवाल्याच्या फोनवरून तुला फोन केला, आणि तू अंडी उतरवून रिकामा परतत होतास. गाडी मागे चढवली, दोरांनी आवळली, मी तुझ्याशेजारी बसलो. अंडी भरलेली असताना तू किती जपून चालवतोस ते मी पाहिलंय, पण टेम्पो रिकामा झाला की तुझ्या अंगात काय संचारतं रे? त्या उतारावर मी डोळे मिटून सगळ्या कुलदैवतांना एकेक करून हाका मारत होतो. आणि त्या गडबडीत माझ्या ध्यानातच आलं नाही की मागे हँडलला बांधलेला फोन, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी, सगळं इमानदारीनं लिहून घेतोय.

रविवारी निकाल लागला. वकील शहाण्णव. (टायरमध्ये हवा कमी होती म्हणे.) मुख्याध्यापक एक्क्याण्णव, त्यांनी स्वतःला दोन गुण सवलतीचे देऊन त्र्याण्णव केले. बाई एकशे तीन. आणि मी एकशे सतरा! टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, मला पहिल्यापासून वाटत होतं. शाळेत असल्यापासून आजवर कुठल्याही मास्तरांनी माझ्या पाठीवर असा हात ठेवला नव्हता. तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

पण मग पुढे चालणं आलं. पुढच्या माणसाचे हाल तुला काय सांगू! आरशात तीन दिवे, प्रत्येक फाट्यावर निर्णय मी घ्यायचा, आणि तळं दिसलं तरी मान वळवायची चोरी. मी आपला बासष्टनं चाललो होतो. सुरुवातीला मागून दोनतीन हॉर्न वाजले, मग थांबले. एका फाट्यावर मी चुकून पोत्यांच्या गोदामाच्या आवारात शिरलो, तर नियमाप्रमाणे तिघंही मागोमाग आत. चौघांनी आवाराला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. रखवालदार आधी सलाम ठोकून उभा राहिला, आणि आम्ही बाहेर पडल्यावर त्यानं फाटक लावून घेतलं. मुक्कामी दोन तास उशिरा पोचलो, पण कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांच्या शेवटी आलेल्या मुख्याध्यापकांनी स्क्रू पडल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र मला त्यांचा हेवा वाटला.

असो. एकूण बरं चाललं आहे. कंबर सांभाळ.

तुझे भावजी

ता. क. काम नाही म्हणालो खरा, पण एक बारीकसं आहे. गेल्या रविवारी मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. अंडी, टेम्पो, उतार, सगळं. कुणी विश्वासच ठेवेना! एकशे चाळीसची थाप चार वर्षं निमूट ऐकून घेतलेल्या माणसांनी खऱ्याला हसावं? मुख्याध्यापक म्हणाले की हा त्यांच्या सहीचा अपमान आहे. तेव्हा येत्या रविवारी सातला टेम्पो घेऊन पंपावर ये आणि साक्ष दे. वकील उलटतपासणी घेतील, डगमगू नकोस.

ता. क. दुसरा. घरी येऊ नकोस, परस्पर पंपावरच ये. टेम्पो एकशे सतरानं गेला आणि मी आत होतो, हे ताईला कळलं तर साक्ष तुला आधी तिच्यासमोर द्यावी लागेल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, ते बरं झालं. आज वकील दुकानात आले होते. त्यांचे पुढचे दोन दात मीच बसवलेले आहेत, ते जरा हलायला लागले होते. दात माझ्या हातात असल्यामुळे त्यांना बोलता येईना, म्हणून मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. दात बसल्यावर ते हळूच म्हणाले, "अहो, आम्हाला तिघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या मडगार्डवर अंड्याची टरफलं होती. पण त्या रविवारी माझे हात पहिल्यांदा बधिर झाले नाहीत. मास्तरांची पाठ धरली नाही. बाईंना तळं दिसलं, आठ वेळा त्याच रस्त्यानं जाऊनसुद्धा. आमच्यातल्या कुणी साठनं चालवली तर बाकीचे हसतील. एकशे सतरावाला साठनं चालवतो, त्याला कोण काय म्हणणार?" एवढं बोलून त्यांनी माझा हात दाबला. एकशे ऐंशीवाला माणूस, डोळ्यांत पाणी होतं रे.

तेव्हा रविवारी येऊ नकोस. शेवटची जागा गेली ती गेली. आणि कधी कुठे कुणी विचारलंच, तर एवढंच सांग की आमचे भावजी फार जोरात चालवतात.