दारावरच्या पाटीवर मिनोरीचं नाव

गुरुवार, १२ फेब्रुवारी

चि. कियोताका यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही इथे सगळे बरे आहोत, तूही बरा असशील. यंदा बर्फ पार छपराला टेकलंय. आमचे जुने गडी गेनरोकु काका सकाळ-संध्याकाळ फावडं मारतात आणि दर फावड्याला स्वतःच्या कंबरेला शिव्या घालतात. गरम झऱ्याला मात्र त्याचं काही नाही, तो आपला वाफाळतोच आहे. संधिवाताच्या म्हाताऱ्या नेहमीप्रमाणे आमच्या अतिथीगृहात मुक्कामाला आल्यात. दिवसभर गरम पाण्यात डुंबतात, सुनांची निंदा करतात आणि रात्री पुन्हा पुन्हा भात मागतात. तुझ्या दुकानचा सोयाबीनचा मिसो खारट आहे म्हणत म्हणत चाटूनपुसून संपवतात.

तुझ्या दुकानातला मात्सुओ आज परत आला. मंगळवारी माल टाकून गेला होता, आता पुढच्या मंगळवारीच यायचा. आज मी न मागवलेलं मिसोचं पिंप घेऊन आला आणि दारातल्या बुटांच्या फळीकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "काय रे, काय हरवलं?" तर म्हणतो, "काही नाही, मालकीणबाई. मालक म्हणाले, जरा बघून ये." बिचाऱ्याला धड खोटंही बोलता येत नाही. आत्ता स्वयंपाकघरात नूडल्स खातोय. त्याचं खाणं होईतो मला हे लिहून त्याच्या हाती द्यायचंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

परवा फोनवर तू विचारलंस, तुझी बायको माझ्याकडे आहे का. मी नाही म्हटलं. तू हसलास आणि म्हणालास, "मग ताई, मात्सुओ म्हणतो दारावरच्या पाटीवर त्सुकिदाते यांचं स्वागत केलंय, ते कुणाचं? हे आडनाव त्या भागात तरी मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही."

मिनोरीने पाहुण्यांच्या वहीत माहेरचं आडनाव घातलं होतं. गेनरोकु काकांनी ते नेहमीसारखं पांढऱ्या अक्षरात पाटीवर चढवलं. त्यांना काय बोल लावू? पाहुणा आला की त्याचं नाव दारावर लागलंच पाहिजे, नाही लागलं तर त्याचा अपमान, हे माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या अंगात मुरवलंय. मी रोज त्याच पाटीवरचं बर्फ झटकत होते आणि मला कळलं नाही. लपायला आलेल्या बाईचं नाव आम्ही रस्त्याकडे तोंड करून टांगलं होतं.

पुढे तू म्हणालास, "शनिवारी दुकान बंद करून येतो. तिला म्हणावं सामान बांधून ठेव. आणि तू मध्ये पडू नकोस." आवाज अगदी मऊ होता तुझा. बाबांचा तसा व्हायचा. बाबा ओरडत असले तर आपण घाबरत नव्हतो, आठवतं ना? त्यांचा आवाज खाली आला की तू माझ्या मागे येऊन लपायचास, माझा सदरा मुठीत धरून. फोन ठेवला आणि मी तिथेच चटईवर बसले.

मिनोरी गेल्या आठवड्यात शेवटच्या बसने आली. हातात फक्त एक पिशवी. मला वाटलं, भांडण झालं असेल, चार दिवस राहील, गरम पाण्यात बसेल, जाईल. मी तिला घरात न घेता पाहुण्यांची खोली दिली, म्हणजे स्वयंपाकघरातल्या बायका कुजबुजणार नाहीत. ती दाराकडे तोंड करूनच बसायची. चहाचा पेला ठेवला तरी दचकायची. सगळ्या जेवायला बसल्या की मगच आंघोळीला जायची. लाजते आहे, असं मी समजले.

एका दुपारी म्हटलं, नणंद आहे मी, तिची पाठ तरी चोळून देऊ. आत गेले तर म्हणाली, "नको वन्सं, माझं झालंय." आणि पाठ भिंतीला लावायला गेली. पण वाफेतून मला दिसायचं ते दिसलं. पाठ काळीनिळी, काही वळ ताजे, काही पिवळे पडलेले. सगळे अशा जागी, की कपडे घातल्यावर कुणाला दिसू नयेत. माझ्या हातातली लाकडी बादली सुटली आणि दगडावर आदळली. मिनोरीने झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले.

कियोताका, मीही घेतले. माझं मलाच कळलं नाही. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि दोघी नागव्या बायका डोकी झाकून ओल्या फरशीवर बसलो होतो.

कोपऱ्यात पाण्यात एक म्हातारी होती, वाफेमुळे आम्हाला दिसली नव्हती. ती सावकाश बाहेर आली, मिनोरीच्या मागे बसली आणि फडक्याला साबण लावायला लागली.

"कोण गं, नवरा का?" तिने विचारलं. मिनोरीने डोक्यावरचे हात खाली घेतले. "माझाही होता एक. मेला, सुटले. दुखलं तर सांग हो, माझा हात जड आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि मालकीणबाई, तुम्ही कशाला थरथरताय? तुमची पाठ तर चांगली धड दिसते."

मंगळवारी रात्री तुझा फोन आल्यावर मी त्या म्हातारीच्याच खोलीत गेले. मिनोरीला दुसरीकडे न्यायला हवं, म्हटलं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या गाडीत जागा आहे. पण कुठे नेणार ते तुम्हाला सांगणार नाही."

मी म्हटलं, "अहो, मी तिची नणंद आहे."

"म्हणूनच. भाऊ समोर येऊन उभा राहिला की तुम्ही सगळं ओकून मोकळ्या व्हाल. तोंडावरच लिहिलंय तुमच्या."

मला राग आला. पण ती खरं बोलत होती. काल सकाळी त्या म्हाताऱ्या मिनोरीला घेऊन गेल्या. मिनोरीने निघताना माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "नको, सांगू नकोस. माझ्यापाशी काही ठेवू नकोस." ती रडली. मी दारात गुडघे टेकून, पाहुण्यांना करते तसा वाकून नमस्कार केला, म्हणजे माझं तोंड तिला दिसायला नको.

ती म्हातारी कोण, ते लिहीत नाही. अशा म्हाताऱ्या हिवाळाभर डोंगर चढून येतात आणि सगळ्या एकसारख्याच दिसतात. वही मागशील तर वहीतलं ते पान मी आज सकाळी चुलीत घातलं. मिनोरीच्या खोलीबाहेर सपाता अजून आहेत, मात्सुओ त्या पाहून जाईल. जेवणाचं ताटही दोन्ही वेळा वर जातं. मीच बसून खाते. तुला एक दिवस उशीर व्हावा एवढ्यासाठी हे सगळं चाललं होतं. आता तीही गरज उरली नाही.

तू येऊ नकोस असं लिहिणार होते. पण तू येशील. घाटात गाडीचा आवाज झाला की आत्तापासूनच मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. तू दारात बूट काढशील, शांतपणे आत येशील आणि त्या मऊ आवाजात विचारशील, "ताई, कुठे आहे ती?" आणि मी सांगायचा प्रयत्न करेन, रे. मला माझी खात्री नाही. भीतीने मी तुला काय वाटेल ते सांगेन, आई बाबांना सांगायची तसं.

पण मला ठाऊकच नाही. दोनदा विचार, दहादा विचार, हवं ते कर, माझ्या तोंडातून काही निघणार नाही, कारण तिथे काही नाहीच. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी तुझ्यापासून नीट लपवू शकले, ती मला माहीत नसलेली.

मात्सुओने वाटी खाली ठेवली. थांबते.

तू माझा सदरा धरून लपायचास तेव्हाही मनातून थरथर कापणारी,
आणि शनिवारी तुझ्यासमोर एकटी उभी राहणारी,

तुझी
ताई