बाबांना बार्लो वेलला ठेवून

फ्लिंडर्स डोंगर, मुक्काम तंबूत
१९ जून १९७६

चि. सौ. ग्लेनिस हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं खुशाल आहोत. त्यातला एक जण कुरकुरतो आहे, कोण ते तुला सांगायला नको.

ॲडलेड सोडलं त्याच रात्री तुझ्या बाबांनी उभारलेला तंबू आमच्या अंगावर आला. आमचा ड्रायव्हर नेव्ह हसला नाही, हे त्याचं सौजन्य. जाळावर डब्यात उकळलेल्या चहाला बाबा धुराड्याचं पाणी म्हणतात आणि दोन मग पितात. बसमधल्या प्रत्येकाला त्यांनी सांगून ठेवलंय की मी स्वखुशीने आलेलो नाही, बायकोने पळवून आणलंय. घरापासून हाकेवर समुद्र असताना पलीकडचा समुद्र बघायला अख्खं वाळवंट तुडवायचं, याला सहल म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात, असं त्यांचं मत आहे.

म्हणोत बापडे. बेकरी विकल्यापासून चार वर्षं तो माणूस कडीनाच्या घरी त्या खुर्चीत रुजला होता. तिथून उपटून आणलं याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. काल एक कांगारू आमच्या टेबलावरचं लोणी चाटून गेला तेव्हा ते मोठ्यांदा हसले. मी मान वळवून पाहिलं, हा आवाज कुणाचा म्हणून.

पुढचं पत्र ॲलिस स्प्रिंग्जच्या पोस्टात आमच्या नावाने टाक. कॉलिनला आशीर्वाद, छोट्या ट्रेसीला गोड पापा. माया आहेच, ती वाढती ठेव.
तुझी आई,
डॉरीन

ॲडलेड
२४ जून १९७६

ती. आईबाबांस,
ग्लेनिसचा सा. न. वि. वि. पत्र वाचून कॉलिन इतका हसला की सिगरेटची राख त्याच्या चहात पडली. तुमचा लेक रॉस व्हायला गावाहून फोनवर विचारत होता, बाबांचं ड्रायव्हरशी भांडण झालं का अजून. मी म्हटलं, तुझ्याशी जमवता आलं नाही म्हणून सगळ्यांशी जमत नाही असं नाही. त्याने लगेच ट्रेसीची चौकशी सुरू केली. बेकरीचा विषय जवळ आला की तो अजून असाच निसटतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरू नका. ओझी उचलायची नाहीत, खुंट्या नेव्हला ठोकू द्या, जिना दिसला तर खाली उभं राहून कौतुक करा. रेडिओवर सांगतायत की आत खूप पाऊस आहे. वाळवंटात पाऊस, कमालच म्हणायची.

आई, तू त्यांना ओढून नेलंस, तेव्हा धड परत आणणं तुझ्याकडे लागलं. तोवर मी तुला सोडणार नाही!

ट्रेसी विचारते, आजोबांना उंट दिसला का. कळवा. आमच्यावर रागवायचं राहून गेलं असेल तर परत आल्यावर रागवा.
तुमची,
ग्लेनिस

बार्लो वेल
२ जुलै १९७६

चि. ग्लेनिस,
आशीर्वाद. पोलिसांनी तुला निरोप पोचवला असेल. इथून रेडिओवरून एवढंच सांगता आलं की तुझे बाबा गेले. बाकीचं मी लिहिते.

इथे एक दारूचं दुकान, एक गोदाम, चारपाच घरं आणि विमानाची धूळपट्टी आहे. आम्ही आलो त्याच रात्री दोन्ही बाजूचे ओढे फुगले. आमची बस, तीन ट्रक आणि लोकर कापणारे गडी, असे चाळीसएक जण अडकलो. मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते कुशीवर झोपलेले होते. गार लागले. मी तरीही चहा खाली ठेवला आणि पांघरूण वर ओढलं.

धूळपट्टीचा चिखल झाला होता, विमान उतरेना. दुकानाची मालकीण मर्ना हिने गारखोलीतलं सगळं मटण बाहेर काढलं आणि त्यांना तिथे ठेवलं. बिअरच्या पेट्यांशेजारी, ग्लेनिस. मला ते पाहून रडू यायला हवं होतं. मी पेट्यांवरची नावं वाचत बसले. मग जनरेटरचं डिझेल संपत आलं. रेडिओवर डॉक्टर आणि पोलिस दोघांनीही सांगितलं की आता पुरा. इथली जमीन म्हणजे दगड. ट्रकवाल्यांनी पहारीने आळीपाळीने फोडली. नेव्हने प्रार्थना म्हटली, मधलं विसरला, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

दक्षिणेचा रस्ता अजून पाण्याखाली आहे. उत्तरेचा उद्या उघडेल. बस तिकडे जाईल, तिच्याबरोबर मी.

रॉसला जप. तू स्वतःलाही.
आई

ॲडलेड
९ जुलै १९७६

ती. आईस,
सा. न. सुरुवात कशी करावी तेच कळत नाही. हे पत्र पुढच्या मुक्कामी, कॅथरीन गावच्या पोस्टात तुझ्या नावाने पाठवतेय, कारण ॲलिस स्प्रिंग्जहून तुझी तार आली की तू तिथेही थांबणार नाहीस. मी ती तार कॉलिनला दोनदा वाचायला लावली. मला वाटलं, लिहिणाऱ्याने चूक केली असेल.

ॲलिसहून विमान होतं. आगगाडी होती. मी येऊन तुला घेऊन आले असते. आणि तू बसमध्ये बसून पुढे निघालीस? लोक सांत्वनाला दाराशी केक घेऊन उभे आहेत, विचारतात आई कुठे आहे, आणि मी काय सांगू, ती समुद्र बघायला गेली? पाद्रीबाबांना मी खोटं सांगितलं की तू आजारी आहेस.

बाबांना जायचं नव्हतं. ते प्रत्येकाला सांगत होते, तूच लिहिलंस. तू नेलंस आणि तिथे टाकून आलीस, एका दारूच्या दुकानामागे, अनोळखी माणसांत. हे लिहू नये असं कॉलिन म्हणतो. मी लिहिणार.

रॉसने सरकारी परवानगीसाठी अर्ज केलाय. आम्ही बाबांना वर काढून कडीनाला, आजीआजोबांच्या शेजारी आणणार आहोत. तुझी सही लागते. कागद सोबत आहे. एवढं तरी कर.
ग्लेनिस

कॅथरीन
१६ जुलै १९७६

चि. ग्लेनिस,
आशीर्वाद. सही केली आहे. आणायचं तर आणा.

तू लिहिलंस त्यातलं काही खोटं नाही. तुझं आधीचं पत्र, बाबांना खुंट्या ठोकू नका म्हणून बजावलेलं, मला ॲलिसला मिळालं. ते मी पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथून सरळ विमानाच्या कचेरीत गेले. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने विचारलं, किती तिकिटं. ग्लेनिस, मला एक म्हणता येईना. मागे रांग होती. मी तिला सॉरी म्हणून बाहेर आले. समोर बस उभी होती. नेव्हने काही न विचारता माझी पिशवी वर टाकली. या बसमध्ये मला कुणी काही विचारत नाही, कारण सगळे तिथे होते. हॅझेल म्हणून एक निवृत्त नर्स आहे, ती आता माझ्या तंबूत झोपते आणि घोरते. त्या आवाजावर मला झोप लागते.

घरी आले तर केक घेऊन आलेल्या प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. ते मला अजून जमणार नाही.

रागाव, पण पत्र पाठवत राहा. पुढचा मोठा मुक्काम कार्नार्व्हन.
आई

बार्लो वेल
२९ जुलै १९७६

ती. आईस,
सा. न. वि. वि. मी आणि रॉस काल इथे पोचलो. मागून प्रेतवाहकाची गाडी आली, ड्रायव्हर सारखा धुळीबद्दल तक्रार करत होता.

मर्नाने आम्हाला अडवलं नाही. फावडी कुठे आहेत तेही दाखवलं. फक्त म्हणाली, आधी काहीतरी खाऊन घ्या, आणि मटणाबरोबर गव्हाच्या पिठाचा एक दगड पुढे ठेवला. रॉसने उगाच विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, माझा पाव, तुमच्या बापाने याला ट्रकच्या चाकाखाली लावायचा ठोकळा म्हटलं होतं. तेव्हा तिनेच बाबांना सुनावलं होतं, एवढं कळतं तर तूच भाज की.

आई, तू हे मला का लिहिलं नाहीस?

मर्ना सांगत होती आणि आम्ही दोघं तोंड उघडं टाकून ऐकत होतो. पाव संपला होता, गोदामात पिठाची पोती होती, मागे वापरात नसलेली लाकडावरची भट्टी होती. बाबांनी ती आत शिरून झाडली. पोतं स्वतः उचललं. ट्रकवाल्यांना हात धुवायला लावले, नखं तपासली. नेव्हला तर म्हणाले, तू कणीक मळतोयस की तिची माफी मागतोयस? चाळीस माणसांना तीन दिवस त्यांनी ताजा पाव खाऊ घातला, शेवटच्या दिवशी मटण भरलेल्या पेस्टीसुद्धा, कडीनात करायचे तशा, कडा वळवून. मर्ना म्हणाली, लोक भट्टीशी रांग लावून उभे असायचे आणि तो शिव्या घालत असायचा, आणि तो अख्ख्या मुक्कामात सगळ्यात सुखी माणूस होता. मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. तिने मला भट्टीच्या दाराशी नेलं. तिथे बाबांच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं, हात लावाल तर याद राखा.

रॉस पोत्यावरच बसला. मग म्हणाला की मी बेकरी घेतली असती तर ते त्या खुर्चीत बसलेच नसते. आणि मग, तू त्याला ओळखतेसच, उठून बाहेर गेला, प्रेतवाहकाच्या माणसाला बिअर पाजली आणि सांगितलं की परत जा, आम्ही नेत नाही. तो माणूस वेड्यासारखा बघत राहिला. मीही. घरून निघताना फावड्यावर पहिला पाय रॉसच ठेवणार होता.

मी भांडले नाही. मला भांडता आलं नाही. आई, माझा अर्धा राग तसाच आहे, फक्त कुणावर धरायचा ते कळेनासं झालंय.

मी बारा तारखेपासून पर्थमध्ये असेन. तुझी बस जिथे थांबते तिथे. तिकीट काढलंय.
तुझी,
ग्लेनिस

कार्नार्व्हन
४ ऑगस्ट १९७६

चि. सौ. ग्लेनिस हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं, समुद्राकाठी बसून वाचलं. इथे समुद्र आहे, निळा आहे, आणखी काय सांगू.

मी लिहिलं नाही, कारण तू बजावलं होतंस, तुझं पत्र तेव्हा हातात पडलेलं नसलं तरी तुझं बजावणं मला तोंडपाठ होतं. ओझी उचलायची नाहीत. त्यांनी पोतं उचललं तेव्हा मी शेजारी उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. घामाने लाल झालेला, पिठाने माखलेला, आणि इतका चिडलेला, जसा आपल्या दुकानात सणाच्या आदल्या दिवशी असायचा. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते थांबले असते का, मला माहीत नाही. पण मी बोलले नाही, आणि मला त्यांना पुन्हा तसं बघायचं होतं म्हणून बोलले नाही. हे तुझ्या तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. पण पर्थच्या स्टँडवर माणसांत ते जमायचं नाही, म्हणून आधीच लिहून टाकते.

अजून एक आहे. ते कुणालाच सांगितलेलं नाही, हॅझेललाही नाही.

त्या रात्री ते खूप दमले होते, बूटसुद्धा मी काढले. झोपता झोपता म्हणाले, डॉरीन, पहाटे चारला उठव, उद्या पेस्टी जास्त लागतील. मी हो म्हटलं. चार वाजता मला जाग आली होती. ते शांत पडले होते. म्हटलं, दमलाय, झोपू दे बिचाऱ्याला. आणि मी कूस बदलून पुन्हा झोपले.

बारा तारखेला भेटू. रॉसला म्हणावं, बरं केलंस. ट्रेसीला सांग, उंट दिसला होता, आजोबांनी त्यालाही नावं ठेवली.

तू आलीस की मी काही बोलेनच असं नाही. तू आपली जवळ उभी राहा.
तुझी आई,
डॉरीन